अजून कुणाला सांगितलेलं नाही

घरात कुणाला दिवस गेले आहेत ही बातमी सांगायची नसते, आणि ती बहुतेक वेळा हिंगाच्या फोडणीने फुटते. कालपरवापर्यंत आवडीने आमटी ओरपणारी सून एकाएकी कढईपासून चार पावलं मागे सरते, ओढणीचं टोक नाकाशी धरते, "पित्त झालंय जरा" म्हणते. आणि ओट्याशी उभी असलेली सासू काही न बोलता गॅस बारीक करते, आमसुलाचा तुकडा तिच्या तळहातावर ठेवते आणि कोथिंबिरीच्या भावाबद्दल बोलू लागते. कळलेलं असतं, पण कळल्याचं दाखवायचं नसतं. तीन महिने पुरे होईपर्यंत हा लपंडाव दोन्ही बाजूंनी निष्ठेने खेळायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. ओटी नंतर, डोहाळे नंतर, शेजारीपाजारी पेढे त्याहूनही नंतर.

लहानपणी मला वाटायचं, ही दृष्ट लागण्याची भीती आहे. आजीला विचारलं तर ती "कच्चं असतं गं अजून" एवढंच म्हणायची आणि पुन्हा तांदूळ निवडू लागायची. पुढे कधीतरी वाचनात आलं की पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ आपोआप गळून जातात, त्यांतल्या निम्म्या किंवा त्याहूनही अधिक गर्भांच्या गुणसूत्रांत काहीतरी कमी-जास्त झालेलं असतं. एखादं गुणसूत्र जादा, एखादं उणं. आजीने गुणसूत्र हा शब्द कधी ऐकला नव्हता. पण वाड्यातल्या कुणाकुणाचं 'राहिलं नाही' याचा हिशेब तिच्या बोटांवर होता, आणि त्या मौनाच्या मुळाशी तो हिशेबच असावा. आनंद जाहीर केला की तो परत घ्यावा लागतो. न सांगितलेलं मात्र बाई एकटीने, न्हाणीघराचं दार लावून, निस्तरू शकते. यात दया किती आणि सोय किती, हे मला आजही नीटसं ठरवता येत नाही.

काही वर्षांपूर्वी भाचीने मात्र मला सांगितलं. तिचं वय तेव्हा छत्तीस, पहिलंच गरोदरपण, नवरा कामानिमित्त बंगळुरात अडकलेला. "मावशी, बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी आहे, एनटी स्कॅन म्हणतात ती. तू येशील का पुण्याला? आईला अजून सांगितलेलं नाहीये." ही 'आई' म्हणजे माझी थोरली बहीण, वाईला राहते, आणि मी तिच्यापासून आयुष्यात फारसं काही लपवलेलं नाही. तरी मी गेले. नव्या काळाने या जुन्या रीतीत एक गंमतच करून ठेवली आहे, असं एसटीत बसल्या बसल्या मनात येत होतं. ज्या तीन महिन्यांत काहीही विचारायचं नाही, काहीही सांगायचं नाही, नेमक्या त्याच तीन महिन्यांच्या अखेरीला, अकराव्या ते चौदाव्या आठवड्यादरम्यान, आता बाळाची पहिली मोठी झडती होते. घरच्यांना पाहुणा येणार हे कळण्याच्या आधी त्याचे गुणदोष मोजून झालेले असतात.

सोनोग्राफीच्या खोलीत काळोख होता आणि एसीचा बारीक घुमारा. "जेली गार लागेल हं," असं म्हणत डॉक्टरबाईंनी ती पोटावर ओतली, तरी भाची दचकायची ती दचकलीच. प्रोब आणि त्वचा यांच्यामध्ये हवेचा थर राहिला तर आवाज आत शिरतच नाही, म्हणून ती जेली. आवाज म्हणायचं, पण सेकंदाला लक्षावधी कंपनांचा हा नाद कुठल्याच माणसाच्या कानाला ऐकू येणारा नाही. तो आत जातो, जिथे ऊती बदलते तिथे आपटून परततो, आणि त्या परतलेल्या हाकांतून पडद्यावर करड्या रंगाचं एक जग उमटतं. भिंतीवर आमच्यासाठी वेगळा पडदा होता. त्यावर सहा सेंटिमीटर लांबीचं एक माणूस उताणं पडलं होतं, त्यातला तिसरा हिस्सा तरी नुसतं डोकं, आणि ते एकसारखं उड्या मारत होतं. आईला त्या उड्यांचा पत्ता नव्हता. तिला त्या कळायला अजून महिना-दीड महिना अवकाश होता.

मानेमागची मोजणी करायची तर बाळ नेमकं कुशीवरून दिसावं लागतं, मान ना फार वाकलेली, ना मागे टाकलेली. ते काही जमेना. "खोका जरा," बाई म्हणाल्या. भाची खोकली. पोटावर प्रोबने हलके टिचक्या मारून झाल्या. "बाहेर चार फेऱ्या मारा, काहीतरी गोड पिऊन या, मग बघू." आम्ही बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो, जिना दोनदा चढलो-उतरलो, आणि परत गेलो तर महाशय पाठ करून झोपलेले. डॉक्टरबाईंच्या कपाळाला आठी पडली नाही, हे मला फार आवडलं. एक दशांश मिलिमीटरचा हिशेब ठेवणारी बाई, पण घाई मात्र नाही. शेवटी केव्हातरी ते वळलं, आणि तिने मानेमागच्या एका काळ्या रेघेच्या दोन्ही काठांवर दोन इवली अधिक-चिन्हं आणून टेकवली.

ती काळी रेघ म्हणजे त्वचेखाली साठलेलं पाणी. सगळ्याच बाळांत ते या दिवसांत थोडंफार असतं, आणि पुढे ओसरतं. ते जास्त असलं तर गुणसूत्रांत, नाहीतर हृदयात काही वावगं असण्याची शक्यता वाढते. त्यातलं गुणसूत्रांशी असलेलं नातं लंडनमधल्या किप्रोस निकोलाइडिस यांनी 1992 मध्ये मांडलं. पण त्याच्याही सव्वाशे वर्षं आधी, 1866 मध्ये, जॉन लँगडन डाउन या इंग्रज डॉक्टराने ज्या मुलांचं वर्णन केलं आणि ज्यांच्या अवस्थेला पुढे त्याचंच नाव चिकटलं, त्या मुलांची कातडी अंगाला सैल, मापापेक्षा मोठी वाटते, असं त्याने टिपून ठेवलं होतं. जन्मलेल्या लेकराच्या अंगावरची ती सैल कातडी मागे मागे नेत नेत आपण थेट गर्भाच्या मानेपर्यंत पोचलो आहोत.

मग त्यांनी प्रोब आडवा केला आणि डोक्याचा छेद पडद्यावर आला. "हे फुलपाखरू," त्या म्हणाल्या. त्यांच्या पुस्तकांतही याला फुलपाखरूच म्हणतात. डोक्याच्या लंबगोलात मधोमध एक उजळ रेघ, आणि तिच्या दोन्ही अंगांना पसरलेले दोन पांढुरके पंख. मला वाटलं, हाच मेंदू. पण तसं नव्हतं. ते पंख म्हणजे कोरॉइड प्लेक्सस, मेंदूच्या पोकळ्यांतलं पाणी तयार करणारं रक्तवाहिन्यांचं जाळं. या दिवसांत ते त्या पोकळ्या जवळजवळ भरून टाकतं. खरा मेंदू, ज्याने पुढे हे मूल पाढे म्हणेल, रुसेल, कुणाला तरी जीव लावेल, तो त्या पंखांच्या कडेने गेलेला एक पातळ, काळसर, गुळगुळीत थर. इतका अंधुक की डॉक्टरबाईंनी बोट ठेवेपर्यंत तो मला दिसलाही नाही. त्याला अजून एकही वळी पडलेली नव्हती. दोन्ही अर्धगोलांना जोडणारा पूल अजून दिसण्याजोगा झालेला नसतो, लहान मेंदूचा मधला भागही पुरता बांधलेला नसतो. या सगळ्याची विचारपूस अठराव्या-विसाव्या आठवड्याला. काही गोष्टी तर त्याहूनही उशिरा, सातव्या-आठव्या महिन्यात उघड होतात. सगळ्या अवयवांत मेंदू हा आपलं उत्तर सर्वांत सावकाश देणारा, आणि आपल्याला उत्तर हवं असतं ते मुख्यतः त्याचंच.

बाराव्या आठवड्याला त्याला एक मोठा प्रश्न मात्र विचारता येतो, आणि तो म्हणजे: तू दोन झालास का? गर्भ राहिल्यापासून पाचव्या आठवड्याच्या आसपास, म्हणजे पाळी चुकून जेमतेम तीन आठवडे झालेले असताना, मेंदूचा पुढचा एकसंध फुगा मधोमध दुभागतो. आईने अजून डॉक्टरही नक्की केलेला नसतो, तेव्हा ही वाटणी होऊन जाते. कधी कधी ती होत नाही. मग मधली रेघ नसते, पंख एकमेकांत मिसळलेले असतात, दोनाच्या जागी एकच पोकळी. होलोप्रोसेनसेफली असं लांबलचक नाव आहे त्याला, आणि तेराव्या गुणसूत्राची जादा प्रत हे त्याचं एक ठळक कारण. गर्भधारणेच्या आरंभी असं अडीचशेत एकदा घडतं असं म्हणतात, आणि जन्माला येणाऱ्यांत दहा हजारांमागे एखाद्यातच उरतं. मधले कुठे गेले, ते आजीच्या बोटांना ठाऊक होतं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. संस्कृतच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची, संधी सोडवायला मोठी तयार. तिच्या पडद्यावर फुलपाखरू नव्हतं. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा प्रोब फिरवला, मग दिवा लावला, स्टूल पुढे ओढून तिच्याजवळ बसले, आणि तिला तेवढ्यावरूनच कळलं. पुढच्या तपासणीत तेरावं गुणसूत्र तिप्पट निघालं. तिने आणि तिच्या नवऱ्याने जे ठरवलं ते कायद्याच्या चौकटीतलं होतं आणि माझ्या मते शहाणपणाचंही होतं, पण ते बाजूला राहू दे. मला आठवतं ते तिने नंतर सांगितलेलं. शुक्रवारी दवाखान्यातून घरी आली आणि सोमवारी बँकेत काउंटरवर बसली. कुणी भेटायला आलं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. सासूने दोन दिवस "अशक्तपणा आहे" असं सगळ्यांना सांगितलं. "बाई, मला रडायला कारणच नव्हतं हो लोकांसमोर," ती म्हणाली, आणि हे सांगताना हसली.

मनुस्मृतीशी माझं फारसं जमत नाही. बाईमाणसाचं जमू नये असंच बरंच काही तीत आहे. पण तिच्या पाचव्या अध्यायात, आशौचाच्या किचकट हिशेबात, एक अर्धी ओळ अशी आहे की गर्भ गेला तर जितके महिने तितक्या रात्रींनी स्त्री शुद्ध होते. त्या काळचा विचार विटाळाचा आहे, शोकाचा नाही, हे मला कळतं. तरीसुद्धा तीन महिन्यांच्या त्या अनाम जिवाला तीन रात्री कुणीतरी लिहून दिल्या होत्या. त्या रात्रीही आपण काढून घेतल्या आणि त्यांच्या जागी काहीच ठेवलं नाही. तेराव्याला माणसं जेवतात, दहाव्याला कावळ्याची वाट पाहतात. बाराव्या आठवड्याच्या या नव्या बातमीसाठी आपल्या घरांत अजून चालच पडलेली नाही.

त्या काळोख्या खोलीत आणखीही एक मौन असतं, आणि ते सरकारी आहे. आत शिरण्यापूर्वी भाचीने आधार कार्डाची प्रत दिली, फॉर्म एफ भरला, बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही अशा मजकुराखाली सही केली. मागच्या भिंतीवर पाटी होती: येथे प्रसूतिपूर्व गर्भलिंगनिदान केले जात नाही. अशी पाटी आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की ती आपल्याबद्दल काय बोलते ते आपण वाचत नाही. याबाबतचा पहिला कायदा देशात महाराष्ट्राने केला, 1988 मध्ये. केंद्राचा कायदा 1994 चा, अमलात आला 1996 पासून. आणि तरी राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली 2001 च्या जनगणनेत 913 होत्या, त्या 2011 मध्ये 894 झाल्या. बीड जिल्ह्यात 807. तो आकडा वाचल्यावर पाटीवरची अक्षरं जरा मोठी दिसू लागतात. याचा एक परिणाम असा की सोनोग्राफी करणारा माणूस आपल्याकडे बोलायलाच बिचकतो. तोंडून एखादा 'तो' किंवा 'ती' निसटू नये म्हणून सगळीच वाक्यं आखडती. आणि आडव्या पडलेल्या बाईला त्या आखडतेपणाचा अर्थ कसा लागणार? तिला प्रत्येक शांततेत अशुभच ऐकू येतं.

या यंत्राचा मूळ धंदा खोट शोधण्याचा होता. ग्लासगोच्या परिसरात बॉयलर आणि जहाजं बांधणारे कारखाने ध्वनीच्या झोतांनी धातूतली चीर हुडकत असत. तिथल्या इयन डोनल्ड नावाच्या प्रसूतितज्ज्ञाने 1955 मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीच्या डिकीत घातल्या आणि अशाच एका कारखान्यात नेल्या. तुलनेसाठी तिथे मांसाचा एक मोठा तुकडाही आणून ठेवला होता. पोलादातल्या चिरेप्रमाणे मांसातली गाठही आपला प्रतिध्वनी देते, हे दिसलं. टॉम ब्राउन नावाच्या तरुण इंजिनिअरने यंत्र घडवलं, आणि 1958 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा निबंध छापून आला. आपण त्याच यंत्रापुढे बाळाचं दर्शन घ्यायला जातो, बारीकसा फोटो मागून घेतो, पर्समध्ये ठेवतो. यंत्र मात्र आपल्या जुन्या सवयीने चीर शोधत राहतं. दोघांचीही चूक नाही.

चार दिवसांनी रक्ताच्या 'डबल मार्कर' तपासणीसकट रिपोर्ट आला. मानेमागचं पाणी ठीक, नाकाचं हाड आहे, फुलपाखरू आहे. पण रक्तातले आकडे आणि वय धरून एकविसाव्या गुणसूत्राच्या रकान्यात लिहिलं होतं एकास 180, आणि शेजारी तांबड्या अक्षरांत 'हाय रिस्क'. अडीचशेच्या अलीकडे आकडा आला की तांबडं, पलीकडे गेला की हिरवं, अशी त्या कागदाची रीत. "मावशी, एकास एकशे ऐंशी म्हणजे किती गं?" भाचीने विचारलं. तिला गणित येत नव्हतं असं नाही. ती आकड्यांतच नोकरी करते. मी म्हटलं, वाईच्या एखाद्या मंगल कार्यालयात एकशे ऐंशी गरोदर बायका पंगतीला बसल्या आहेत असं समज, सगळ्यांच्या हातात हाच कागद. एकशे एकोणऐंशी जणींच्या पोटात यातलं काही नाही. "आणि ती एक?" ती एकही जेवतेच आहे, त्याच पंगतीत, तोच श्रीखंडाचा घास. यापुढे माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

डाउनने वर्णिलेल्या मुलांत जे गुणसूत्र जादा असतं आणि ज्याची ही सारी धास्ती, ते पहिल्यांदा पाहिलं एका तरुण फ्रेंच डॉक्टर बाईने. माणसाच्या पेशीत गुणसूत्रं शेहेचाळीस, हेच मुळी 1956 मध्ये पक्कं झालं. त्याआधी बरीच वर्षं अठ्ठेचाळीस शिकवत होते. पॅरिसच्या एका रुग्णालयात मार्थ गोतिए यांनी पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा जवळजवळ स्वतःच्या खिशातून उभी केली. कर्ज काढून काचसामान आणलं, पेशींना पोसायला लागणाऱ्या द्रवासाठी एक कोंबडा पाळला, आणि रक्तरस हवा तेव्हा स्वतःचंच रक्त काढलं. तिथे त्यांना सत्तेचाळीसावं गुणसूत्र दिसलं. फोटो काढण्याची सोय नव्हती म्हणून काचपट्ट्या सहकाऱ्याकडे गेल्या, आणि 1959 च्या निबंधावर पहिलं नाव लागलं ते त्या सहकाऱ्याचं, जेरोम लेजन यांचं. बाई 2022 पर्यंत जगल्या आणि ही गोष्ट त्यांनी म्हातारपणी सांगितली. योगायोग असा की डोनल्ड आणि लेजन दोघेही गर्भपाताचे कट्टर विरोधक. आपल्या शोधाचं पुढे काय होतं आहे ते पाहून दोघेही कष्टी झाले. मला त्यांचं म्हणणं पुरतं पटत नाही. माझी ती विद्यार्थिनी डोळ्यांसमोर येते. पण त्यांच्या खंतीला हसावंसंही वाटत नाही.

जादा गुणसूत्राचं कारण शोधत गेलं की वाट आणखी मागे जाते, आणि तिथे मला माझी ताई भेटते. 1980 च्या फेब्रुवारीत मोठं सूर्यग्रहण होतं, कर्नाटक-आंध्राच्या पट्ट्यात खग्रास, आपल्याकडे खंडग्रास. ताईला पाचवा महिना. आजीने खिडक्यांना सतरंज्या लावल्या, विळी-चाकू वर फळीवर ठेवून दिले, आणि ताईला माजघरात सरळ पाय करून बसवलं. काही चिरायचं नाही, दुमडायचं नाही, गाठ मारायची नाही. ताई त्या काळोखात कंटाळून मला गाण्याच्या भेंड्या खेळायला लावत होती. त्याच उन्हाळ्यात आमच्या आळीत एका घरी मुलगा झाला, तिरप्या डोळ्यांचा, सैल अंगाचा, आणि साऱ्या आळीने निकाल दिला की त्याच्या आईने ग्रहण पाळलं नाही. ती बिचारी स्वतःसुद्धा तेच मानत राहिली. त्या दिवशी तिने म्हणे चवळीच्या शेंगा मोडल्या होत्या.

तिला कुणीतरी सांगायला हवं होतं की जे व्हायचं ते ग्रहणाच्या कितीतरी आधी, गर्भ राहण्याच्याही आधी, बीज पक्व होताना होऊन गेलं होतं. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हाच तिच्या अंडाशयांत साठ-सत्तर लाख बीजपेशी तयार झालेल्या असतात; आयुष्यात पुन्हा कधीच इतक्या नसतात. त्यांतली गुणसूत्रं जोडीजोडीने एकमेकांना धरून तिथेच थबकतात, आणि वीस, तीस, चाळीस वर्षं तशीच थांबतात. वाटणीची वेळ येते तेव्हा एखादी जोडी सुटत नाही, दोघंही एकाच बाजूला जातात. वय वाढलं की हे अधिक घडतं, कारण इतकी वर्षं धरून ठेवणारी ती पकड झिजलेली असते. म्हणजे भाचीच्या पोटातलं हे सहा सेंटिमीटरचं माणूस ज्या बीजातून आलं, ते बीज त्या फेब्रुवारीच्या दुपारी, सतरंज्या लावलेल्या माजघरात, ताईच्या पोटातल्या भाचीच्या पोटात होतं. ताईला ते ठाऊक नव्हतं, आजीला नव्हतं, आणि मी 'न'वरून गाणं शोधत होते.

आळीतला तो मुलगा आता चाळिशी ओलांडलेला आहे. एसटी स्टँडवर बसतो, महाबळेश्वरची गाडी कधी लागते ते कंट्रोलरच्या आधी सांगतो, आणि लहानपणी हृदयाला असलेल्या छिद्रामुळे जिना चढताना अजून थांबतो. त्याची आई मला मंडईत भेटते. "माझ्यामागे कसं?" एवढं एकच वाक्य ती गेली कित्येक वर्षं बोलते आहे. हे दोन्ही एकाच घरातलं आहे. ज्यांना फक्त तो स्टँडवरचा आनंद दिसतो त्यांनी तिच्याबरोबर मंडईत यावं, आणि ज्यांना फक्त तिचं वाक्य ऐकू येतं त्यांनी तासभर स्टँडवर बसावं; आणि एवढं करूनही कुणी दुसऱ्याच्या पोटाबद्दल मत देऊ नये.

संस्कृत शिकवत असताना सुश्रुताच्या शारीरस्थानातला एक वाद मी मुलांना हौसेने सांगायची. गर्भाचा कोणता अवयव आधी तयार होतो? शौनक म्हणतो, डोकं, कारण इंद्रियांचं मूळ तेच. कृतवीर्य म्हणतो हृदय. पाराशर्याच्या मते नाभी. मार्कंडेय हातपाय म्हणतो, आणि सुभूती गौतम म्हणतो धड. सगळ्यांचं ऐकून घेऊन धन्वंतरी म्हणतो की हे काही खरं नाही, सगळे अवयव एकदमच होतात. फक्त अतिसूक्ष्म असल्यामुळे दिसत नाहीत. आणि दाखला देतो आंब्याचा. पिकल्या आंब्यात गर, केसर, कोय, आतली बी वेगवेगळी दिसतात. कोवळ्या फळात तीच असतात, पण निवडता येत नाहीत. चैत्रात वाऱ्याने पडलेली बाळकैरी विळीवर धरली की पातं कोयीतून तसंच पार जातं, आड काही लागत नाही, फक्त मधोमध एक पांढरट, ओलसर चकती राहते. तेवढीच कोयीची ओळख. आता आपण ती चकतीही मोजतो, मिलिमीटरच्या दशांशात. शौनकाला हा पडदा दाखवला असता तर, तिसरा हिस्सा नुसतं डोकं पाहून, तो वाद जिंकल्याच्या आविर्भावात घरी गेला असता, असं मला उगाच वाटतं.

तांबड्या अक्षरांनंतर भाचीपुढे दोन वाटा होत्या. एक आईच्याच रक्तात तरंगणाऱ्या बाळाच्या डीएनएची तपासणी, कारण तो डीएनए तिथे असतो हे डेनिस लो यांनी 1997 मध्ये दाखवलं आणि त्यातूनच पुढे ही तपासणी जमू लागली. दुसरी, सोळाव्या आठवड्यात सुईने गर्भजल काढून गुणसूत्रंच मोजायची. तिने कोणती निवडली, की कुठलीच नाही, आणि निवडली असल्यास काय निघालं, हे कुठेही लिहायचं नाही असं मी तिला कबूल केलं आहे. ज्या चौघांना तिने सांगितलं त्यांत मी एक आहे, आणि तेवढं पुरे.

मे महिन्याच्या सुरुवातीला तिचा फोन आला. मी कैऱ्या किसत होते, हात आंबट, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. "मावशी, अ‍ॅनॉमली स्कॅनची तारीख मिळाली, पंचवीसच्या आसपासचा शनिवार. आईला सांगितलं गं काल सगळं." मग थोडा वेळ कुणीच बोललं नाही. "ती येणारच म्हणतेय. तिला सांग, तिचं आधार कार्ड, रेशन कार्ड काही लागत नाही तिथे, सही माझी असते. ती उगाच सगळी फाइल घेऊन येईल बघ. आणि तू मेथांबा आण, पण गूळ जरा बेताचा घाल. साखर तपासायची आहे त्या आठवड्यात."